‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ की ‘कॅन’? शक्यता सांगणाऱ्या इंग्रजी क्रियापदांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी माझा इंग्रजीचा वर्ग भरतो. अंबड-सातपूरहून शिफ्ट संपवून आलेले इंजिनिअर असतात, आयईएलटीएसची तयारी करणारी पोरं असतात, आणि हंगामात द्राक्ष-कांद्याच्या धंद्यातली माणसंही येतात, कारण त्यांना परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहायचा असतो. सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून या चार शब्दांवर येतात. दर बॅचला तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील. आणि हो, ‘मे’ म्हणजे इथे क्रियापद, महिना नव्हे.

‘आज पाऊस पडू शकतो’ याचं ‘इट कॅन रेन टुडे’ का होत नाही? शब्दाला शब्द तर बसतोय.

तिथेच तर घोटाळा आहे. आपलं ‘शकणे’ तीन घरची कामं करतं. ‘ती पोहू शकते’ ही क्षमता झाली. ‘तू आता जाऊ शकतोस’ ही परवानगी. आणि ‘पाऊस पडू शकतो’ ही शक्यता. पहिल्या दोन ठिकाणी इंग्रजीत ‘कॅन’ खुशाल वापरा. तिसऱ्या ठिकाणी थांबा.

‘कॅन’सुद्धा शक्यता सांगतं, पण ती सर्वसाधारण शक्यता असते, एखाद्या गोष्टीचा स्वभाव सांगणारी. ‘निफाड कॅन गेट व्हेरी कोल्ड इन डिसेंबर’ हे अगदी बरोबर आहे, कारण निफाडला डिसेंबरात कधीकधी कडाक्याची थंडी पडते, हा त्या गावाचा स्वभाव आहे. उद्या पडेल की नाही, याबद्दल ते वाक्य काहीच बोलत नाही. उद्याचं बोलायचं तर ‘इट मे बी कोल्ड इन निफाड टुमॉरो’. तिथे ‘माइट’ किंवा ‘कुड’ही चालेल.

माझी कसोटी सोपी आहे. आपल्या मराठी वाक्यात आधी ‘कधीकधी’ घालून बघा, मग ‘कदाचित’. ‘कधीकधी’ बसलं तर ‘कॅन’. ‘कदाचित’ बसलं तर ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. ‘आज कधीकधी पाऊस पडू शकतो’ असं कुणी म्हणतं का? नाही ना. मग तिथे ‘कॅन’ नको.

एवढ्याशा फरकाने बिघडतं काय? समोरच्याला कळतंच की.

बऱ्याचदा कळतं. पावसाच्या वाक्यात कुणी अडून बसत नाही. पण मला हा फरक महागात पडला आहे, म्हणून सांगते.

वर्ग सुरू करायच्या आधी मी द्राक्ष निर्यातीच्या एका ऑफिसात मेल लिहायच्या कामाला होते. एका गिऱ्हाइकाने विचारलं, कंटेनर कधी पोचेल? माझ्या मनात मराठी वाक्य होतं, ‘गुरुवारपर्यंत पोचू शकेल’. म्हणजे जमलं तर. मी लिहिलं, ‘द कंटेनर कॅन रीच यू बाय थर्सडे.’ त्याने ते वाचलं तसं वाचलं: यांना गुरुवारपर्यंत पोचवणं जमतंय. म्हणजे होकारच. त्याने शुक्रवारी सकाळी माल उतरवायला माणसं आणि गाड्या लावून ठेवल्या. कंटेनर आला सोमवारी. फोनवर तो ओरडला नाही, हे जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, ‘बट यू सेड इट कॅन.’ मेल उघडून बघितला. खरंच, मी तसंच म्हटलं होतं.

तिथे लिहायला हवं होतं, ‘वी एक्स्पेक्ट इट बाय थर्सडे, बट इट माइट स्लिप टु मंडे.’ सोमवारही चालला असता. त्याला आधी कळायला हवं होतं, इतकंच.

‘मे’ म्हणजे पन्नास टक्के आणि ‘माइट’ म्हणजे तीस टक्के, असं गाइडमध्ये आहे. खरं का?

हे आकडे कुणी मोजून काढलेले नाहीत, पाठ करायला सोपं जावं म्हणून ठरवलेले आहेत. ‘माइट’ने शक्यता किंचित लांब जाते, हा कल खरा आहे. पण रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूस दोन्ही जवळपास एकाच वजनाने वापरतो. फरक जाणवतो तो लहेजाचा. बोलताना ‘माइट’ जास्त ऐकू येतं. ‘मे’ जरा कागदी वाटतं, नोटिशीत, अहवालात, औषधाच्या वेष्टणावर शोभून दिसतं.

टक्केवारीत नाही तर व्याकरणात मात्र दोन ठिकाणी ‘माइट’च लागतं. एक, कुणाचं आधीचं बोलणं भूतकाळात सांगताना: ‘शी सेड इट माइट रेन.’ दुसरं, ‘समजा तू विचारलंस तर तो तयार होईलही’ अशा जर-तरच्या गोष्टीत: ‘इफ यू आस्क्ड हिम, ही माइट अग्री.’

वजन खरंच कमी-जास्त करायचं असेल तर बाजूला एक छोटा शब्द जोडतात. ‘इट मे वेल रेन’ म्हणजे पाऊस यायची बऱ्यापैकी चिन्हं आहेत. ‘वी माइट जस्ट कॅच द बस’ म्हणजे पळालो तर मिळेल, जेमतेम.

मग ‘कुड’चं काय?

होकारार्थी वाक्यात ते ‘माइट’च्या शेजारीच बसतं. त्याचा खास उपयोग असा, की अनेक शक्यता पुढ्यात मांडताना ते तोंडात येतं. गाडी सुरू होत नाही तेव्हा गॅरेजवाला म्हणेल, ‘इट कुड बी द बॅटरी, इट कुड बी द प्लग.’ आपण म्हणतो ना, ‘बॅटरीही असू शकते, प्लगही असू शकतो’, तसं. नकारात मात्र ‘कुड’ एकदम पलटी मारतं. ते पुढे येईल.

मराठीत असं काही नाहीच, म्हणून आपल्याला जड जातं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि सर्वांत जास्त चिडवतो. मराठीत आहे, आणि भरपूर आहे. आपण भाषांतर करायला बसलो की सगळं सोडून एकट्या ‘शकतो’ला हाक मारतो, ही खरी अडचण.

घरातल्या बोलण्याकडे कान द्या. बेल वाजली. आई आतून म्हणते, ‘दूधवाला असेल.’ इंग्रजी बाईसुद्धा नेमकं हेच म्हणते: ‘दॅट विल बी द मिल्कमन.’ दोन्ही भाषांनी भविष्यकाळाचं रूप घेतलं, आणि बोलतायत या क्षणाबद्दल. याहून सरळ जोडी मिळणार नाही, तरी ‘विल’चा हा उपयोग वर्गात कुणाला सुचत नाही.

आता त्याच वाक्याला ‘ही’ लावा. ‘तो घरी असेल’ आणि ‘तो घरी असेलही’. दुसऱ्या वाक्यात खात्री चटकन खाली आली. ‘मे’ आणि ‘माइट’चं काम हा एक अक्षराचा ‘ही’ करतो. ‘येईलही’, ‘मिळेलही’, ‘विसरलाही असेल’. मनात ‘ही’ आला की इंग्रजीत ‘माइट’ लिहा, शंभरातल्या नव्वद वेळा चुकणार नाही. हा आकडासुद्धा गाइडसारखाच माझ्या पदरचा आहे.

‘असावा’ आणखी वेगळा. ‘दिवा चालू आहे, तो घरी असावा.’ खूण दिसली, तिच्यावरून तर्क केला. इंग्रजीत हे ‘मस्ट’कडे झुकतं, किंवा ‘प्रॉबेब्ली’कडे. ‘असणार’ म्हटलं की पुरतं ‘मस्ट’: ‘बाइक दारात आहे म्हणजे तो घरीच असणार.’

आणि माझं सर्वांत लाडकं रूप. ‘झाकण ठेव, दुधात माशी पडायची.’ ‘हळू चढ, पडायचास!’ ‘छत्री घे, न जाणो पाऊस यायचा.’ ही ‘पडायची’, ‘यायचा’ नुसती शक्यता सांगत नाहीत, त्यांत धास्ती आहे. नको असलेली शक्यता. इंग्रजीत त्यासाठी वेगळं रूप नाही, ‘माइट’वर भागवतात: ‘कव्हर इट, अ फ्लाय माइट फॉल इन.’ आजीच्या तोंडी हे रूप दिवसातून दहादा असायचं. हल्लीच्या पोरांकडून ते कमी ऐकू येतं, याची मला जराशी खंत आहे. पण तो या पानाचा विषय नाही.

‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ ना? मग ‘ही मस्ट बी होम’ म्हणजे ‘त्याने घरी असलं पाहिजे’?

तो अर्थही होऊ शकतो, पण बहुतेक वेळा नाही. आपलं ‘पाहिजे’सुद्धा दोन कामं करतं. ‘तू अभ्यास केला पाहिजेस’ ही सक्ती. ‘आतून आवाज येतोय, कोणीतरी असलंच पाहिजे’ हा तर्क. ‘मस्ट’चंही तसंच.

हे शिकवायला मला पावसाळ्यात गोदाघाटासारखी जागा नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघायला जातात, कारण आपल्याकडे पुराचं माप क्युसेकपेक्षा मारुतीच्या अंगावर जास्त कळतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. एका ऑगस्टात बॅचमधली सात-आठ जणं घेऊन मी पुलावर उभी होते. डोक्यावर ऊन, एक थेंब नाही, आणि खाली पाणी चढतंय. मी विचारलं, सांगा इंग्रजीत. सातपूरचा एक मुलगा म्हणाला, ‘दे मस्ट बी रिलीझिंग वॉटर फ्रॉम गंगापूर.’ बरोब्बर! डोळ्यांना पाणी दिसतंय, धरण दिसत नाही, तरी खात्री आहे. दुसरी म्हणाली, ‘इट मस्ट हॅव रेन्ड इन त्र्यंबक लास्ट नाइट.’ तेही बरोबर, झालेल्या गोष्टीबद्दलचा तर्क. मग संध्याकाळचं काय? ‘इट मे रीच हिज वेस्ट बाय ईव्हनिंग.’ कमरेपर्यंत येईलही. आणि ज्याला काहीच सुचत नव्हतं तो म्हणाला, ‘वी मस्ट गो बॅक.’ ही सक्ती. निघालो.

नकारात काय होतं?

सावध राहायची जागा हीच. मूळ वाक्यात जुळे भाऊ दिसणारे शब्द नकारात वेगळ्या दिशांना जातात.

‘ही मे नॉट कम’ आणि ‘ही माइट नॉट कम’ म्हणजे तो कदाचित येणार नाही. दार उघडं आहे. ‘ही कान्ट बी अ‍ॅट होम’ म्हणजे तो घरी असणं शक्यच नाही. दार बंद. ‘कुड नॉट’ही याच बंद दाराच्या बाजूला: ‘दॅट कुडन्ट बी ट्रू’ म्हणजे ते खरं असूच शकत नाही. म्हणून ‘कदाचित खरं नसेल’ असं म्हणायचं असताना ‘कुड नॉट’ लिहिलं तर तुम्ही समोरच्याला जवळजवळ खोटारडा ठरवलंत.

‘मस्ट’च्या तर्काचा उलटा ‘मस्ट नॉट’ नसून ‘कान्ट’ असतो. ‘बाइक नाही म्हणजे तो घरी नसणार’ हे ‘ही कान्ट बी होम’. अमेरिकेत ‘ही मस्ट नॉट बी होम’ असंही सर्रास म्हणतात, त्यामुळे ते ऐकलं तर दचकू नका.

आणि ‘मे नॉट’ कधीकधी मनाई असते. ‘व्हिजिटर्स मे नॉट पार्क हिअर’ या पाटीचा अर्थ ‘पाहुणे कदाचित गाडी लावणार नाहीत’ असा घेतलात तर दंड तुमचा तुम्ही भरा.

प्रश्न विचारताना ‘मे इट रेन टुमॉरो?’ चालेल का?

नाही. प्रश्नाच्या तोंडाशी ‘मे’ आलं की ते परवानगी मागतं: ‘मे आय कम इन?’ शक्यता विचारायला ‘कुड इट रेन?’ किंवा सरळ ‘डू यू थिंक इट विल रेन?’ म्हणा. ‘माइट इट रेन?’ चुकीचं नाही, पण फार पुस्तकी. गंमत म्हणजे प्रश्नात ‘कॅन’ परत येतं: ‘कॅन इट बी ट्रू?’ म्हणजे ‘हे खरं असेल का हो?’

‘मे हॅव’, ‘माइट हॅव’, ‘कुड हॅव’ यांत मी दरवेळी गोंधळतो.

तुम्ही एकटे नाही. नाशिकरोड स्टेशनवरची सकाळ घेऊ. पंचवटी एक्स्प्रेस सुटली आहे आणि मैत्रीण प्लॅटफॉर्मवर दिसत नाही. ‘शी मे हॅव मिस्ड द ट्रेन.’ तिची गाडी चुकली असेल. काय झालं ते आपल्याला अजून ठाऊक नाही. इथे ‘माइट हॅव’ आणि ‘कुड हॅव’ही चालतात.

आता दुसरा प्रसंग. मैत्रीण धापा टाकत डब्यात चढली आणि गाडी हलली. तुम्ही तिला झापता, ‘यू कुड हॅव मिस्ड द ट्रेन!’ गाडी चुकली असती! चुकली नाही, हे दोघींनाही माहीत आहे. इथे ‘माइट हॅव’ही चालेल, पण काळजीपूर्वक लिहिणारे ‘मे हॅव’ टाळतात.

मराठीत हा फरक आरशासारखा स्वच्छ आहे. ‘चुकली असेल’ म्हणजे माहीत नाही. ‘चुकली असती’ म्हणजे झालं नाही, टळलं. शाळेत संकेतार्थ म्हणून शिकलो होतो तेच. मनात ‘असती’ आलं की ‘मे हॅव’ला हात लावू नका. गारपिटीत बाग वाचलेल्या शेतकऱ्याने ‘आय मे हॅव लॉस्ट द होल क्रॉप’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्याने अजून बागेत जाऊन बघितलेलं नाही.

‘शुड’नेही शक्यता सांगतात का?

हो, सगळं सुरळीत झालं तर काय व्हावं, ते. ‘द बस शुड बी हिअर बाय एट’ म्हणजे बस आठपर्यंत यायला हवी. नको असलेल्या गोष्टीला मात्र हे वापरत नाहीत. ‘कसारा घाटात जॅम असेल’ याला ‘देअर शुड बी अ जॅम’ म्हटलं तर जॅम व्हावा अशी तुमचीच इच्छा आहे असा वास येतो.

‘आय कॅन एबल टु कम’ बरोबर आहे का?

नाही. ‘कॅन’मध्येच ‘एबल’ आलं. ‘विल कॅन’ही नाही, ‘मे कॅन’ही नाही. दोन एकत्र हवे असतील तर ‘मे बी एबल टु’, ‘विल बी एबल टु’. अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि स्कॉटलंडमध्ये काही जण ‘माइट कुड’ म्हणतात. ती त्यांची बोली, तिचा मान ठेवू. परीक्षेत लिहू नका.

यांना ‘एस’ का लागत नाही, ‘ही कॅन्स’ का नाही, हेही याच ओघात विचारतात. कारण ‘कॅन’ आणि ‘मे’ यांची वर्तमानकाळाची रूपं फार पूर्वी भूतकाळाच्या साच्यातून आली, आणि त्या साच्यात तो ‘एस’ नव्हताच. जुन्या इंग्रजीत ‘मे’चा अर्थ होता ताकद असणे. ताकद या अर्थाचं ‘माइट’ हे नाम त्याच घरातलं. आणि ‘कॅन’ म्हणजे होतं जाणणे. मुळात खोल गेलं तर ते संस्कृत ‘ज्ञा’चं आणि आपल्या ‘जाणणे’चं लांबचं नातेवाईक आहे. तिकडे ताकदीतून शक्यता निघाली, इकडे ‘शक्ती’, ‘शकणे’ आणि ‘शक्य’ एकाच धातूतून निघाले. हे सांगितलं की वर्गात एक-दोन चेहरे उजळतात, बाकीचे घड्याळाकडे बघतात.

करारात किंवा कायद्यात ‘मे’ आलं तर ती शक्यताच समजायची का?

बहुतेकदा नाही, तिथे तो अधिकार असतो. भारतीय राज्यघटनेच्या कलम 3 मध्ये ‘पार्लमेंट मे बाय लॉ’ असं आहे. संसद कदाचित नवं राज्य करेल, असा अंदाज घटना वर्तवत नाही. तसा अधिकार देते. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी आणखी एक: इंटरनेटचे तांत्रिक मानक ठरवणाऱ्या आयईटीएफने 1997 मध्ये ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थच ठरवून टाकले. तिथे ‘मे’ म्हणजे पूर्णपणे ऐच्छिक.

हवामानाच्या बातमीत ‘लाइकली’ का असतं, ‘मे’ का नाही?

कारण ‘मे’ला आकडा चिकटवता येत नाही आणि ‘लाइकली’ला चिकटवतात. आपल्या हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये ‘लाइकली’ म्हणजे 25 ते 50 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ 50 ते 75. हवामान बदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालात मात्र ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ किमान 90. शब्द तोच, माप वेगळं. काढणीला आलेल्या बागेच्या मालकाने कुठलं बुलेटिन वाचतोय ते आधी बघावं.

‘मे बी’ जोडून की तोडून?

‘कदाचित’ हवं असेल तर जोडून, आणि सहसा वाक्याच्या सुरुवातीला: ‘मेबी ही इज इल.’ क्रियापद हवं असेल तर तोडून: ‘ही मे बी इल.’ व्हॉट्सअ‍ॅपवर दिसणारं ‘ही मेबी कम’ हे ना इकडचं ना तिकडचं.

दहावीच्या पेपरात ‘शक्यता दाखवणारं मोडल वापरा’ असं आलं तर काय लिहू?

‘मे’ किंवा ‘माइट’. ‘मोडल’ म्हणजे हीच आपली क्रियापदं, आणि परीक्षकाला तेच अपेक्षित असतं. ‘कुड’वर वाद घालायची ती जागा नाही.

‘कुड’च्या स्पेलिंगमधला ‘एल’ उच्चारायचा का?

नाही. तो मुळात नव्हताच. ‘शुड’ आणि ‘वुड’च्या स्पेलिंगमध्ये ‘एल’ होता, कारण ते ‘शॅल’ आणि ‘विल’पासून आले. त्यांच्या संगतीने लिहिणाऱ्यांनी ‘कुड’मध्येही एक घुसवला. आता तिघांतही तो नुसता बसून असतो.